मसाई मारा पहिल्यांदा बघायला जाताना: बुकिंगपासून सिंहासमोर थांबण्यापर्यंत

ताडोबा-पेंचला नेमाने जाणारी मंडळी आफ्रिकेचा बेत आखतात तेव्हा विचारतात, "प्राणी नक्की दिसतील ना?" केनियातल्या मसाई माराबाबत ही काळजी सोडून द्या. उघडं गवताळ माळरान आहे. सिंह, हत्ती, जिराफ, तरस, झेब्रे दिसतातच. विचारायचं ते हे, की कसे दिसतील? वीस गाड्यांच्या गराड्यात दोन मिनिटं, की इंजिन बंद करून तासभर? याचं उत्तर बरंचसं घरी बसून, बुकिंग करतानाच ठरून जातं. म्हणून या लेखातला मोठा भाग निघण्यापूर्वीच्या तयारीचा आहे.

१. ठिकाणं कमी करा, रात्री वाढवा

सात दिवसांत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मारा असं पॅकेज सर्रास विकलं जातं. नकाशावर ते छान दिसतं. प्रत्यक्षात अंबोसेलीहून माराला गाडीने जायला अख्खा दिवस जातो, आणि सफारीचे उत्तम तास म्हणजे पहाट आणि संध्याकाळ, नेमके तेच रस्त्यावर संपतात. माझं स्पष्ट मत आहे: एकूण सात रात्री असतील तर किमान चार मारात ठेवा आणि सोबत फार तर एक ठिकाण जोडा. किलिमांजारोच्या पायथ्याशी हत्तींचे कळप बघायचे असतील तर अंबोसेली. गेंडे हवे असतील तर नाकुरू किंवा ओल पेजेता, कारण मारात काळे गेंडे मोजकेच आहेत. जगात उरलेल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्यांच्या माद्या, नाजिन आणि तिची मुलगी फातू, ओल पेजेतात सशस्त्र पहाऱ्यात राहतात.

एक सापळा नकाशाचाच. माराला लागूनच टांझानियातलं सेरेंगेटी आहे, मध्ये कुंपणही नाही. म्हणून "एक दिवस तिकडे जाऊन येऊ" असं वाटतं. प्राण्यांना ती सीमा नाही, पर्यटकांना आहे. तिथून थेट पलीकडे जाता येत नाही. इसेबानियाच्या नाक्यावरून मोठा वळसा घालावा लागतो, आणि टांझानियाचा व्हिसा वेगळा.

२. महिना निवडा

लाखो विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी आफ्रिकी हरणं) आणि त्यांच्यासोबत झेब्रे सेरेंगेटीतून मारात येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात. मारा नदी ओलांडणारे कळप आणि पाण्यात टपून बसलेल्या मगरी हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं दृश्य याच काळातलं. पण नदी कधी ओलांडायची याचं वेळापत्रक त्या कळपांनाही ठाऊक नसतं. काठावर चार तास उभा राहिलेला कळप शेवटी मागे फिरून चरायला लागतो, असं नेहमी घडतं. त्यामुळे "क्रॉसिंगची हमी" देणाऱ्या कंपनीपासून चार हात लांब राहा.

बाकीच्या महिन्यांना कमी लेखू नका. सिंह, बिबटे, चित्ते, हत्ती तिथलेच आहेत, ते बाराही महिने असतात. जानेवारी-फेब्रुवारीत ऊन स्वच्छ असतं, गर्दी कमी असते आणि दरही उतरलेले असतात. एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ, नोव्हेंबरात लहान पाऊस. मारातली बरीचशी जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या काळ्या मातीसारखीच: भिजली की चाकं धरून ठेवते. पावसात जायचं असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह गाडीशिवाय बुकिंग करू नका.

३. मुक्काम नेमका कुठे, हे नीट समजून घ्या

"मारात राहणार" एवढ्यावर थांबू नका, कारण या नावाखाली तीन वेगवेगळ्या जागा येतात.

पहिली म्हणजे मारा नदीच्या पूर्वेकडचं मुख्य राखीव क्षेत्र. सेकेनानी, तालेक अशा गेटांनी आत जायचं. संपूर्ण राखीव क्षेत्र साधारण १,५१० चौरस किलोमीटर आहे आणि या पूर्वेकडच्या भागात गाड्यांची संख्या सर्वांत जास्त. गेटाबाहेर स्वस्त कॅम्प पुष्कळ आहेत.

दुसरी, मारा ट्रँगल. नदीच्या पश्चिमेकडचा हा भाग २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही संस्था सांभाळते. रस्ते बरे आहेत, नियम कडक पाळले जातात आणि मोडणाऱ्याला दंड होतो.

तिसरी, कॉन्झर्व्हन्सी. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ ही त्यांतली काही नावं. ही सरकारी जंगलं नाहीत. मसाई कुटुंबांनी आपापल्या मालकीच्या जमिनी एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने दिल्या आहेत. एकट्या नाबोइशोत पाचशेहून अधिक मसाई जमीनमालक आहेत, आणि त्यांना दरमहा भाडं मिळतं. जमिनीवर कुंपणं न घालता, शेती न करता ती वन्यप्राण्यांसाठी मोकळी ठेवणं त्यांना परवडतं ते या भाड्यामुळे. इथे फक्त तिथल्या कॅम्पमध्ये राहणाऱ्यांनाच प्रवेश असतो. एका प्राण्याजवळ गाड्यांची संख्या मर्यादित, वाट सोडून गवतातून गाडी नेण्याची मुभा, रात्रीची सफारी, मसाई गाइडसोबत पायी फेरी. वाट सोडून जाणं, रात्रीची सफारी, पायी फेरी यातलं काहीच राखीव क्षेत्रात करता येत नाही.

परवडत असेल तर निम्म्या रात्री कॉन्झर्व्हन्सीत काढा. एका रात्रीचा दर पाहून छाती दडपते हे खरं, पण त्यात बहुतेक वेळा जेवण, सफारी, गाइड आणि कॉन्झर्व्हन्सीची फी धरलेली असते. पर्यटनाचा पैसा त्या जमिनीच्या मालकांपर्यंत पोहोचावा असं मला मनापासून वाटतं. तो पैसा थांबला तर प्राण्यांना चालायला जागाच उरणार नाही.

४. पैशांचा हिशेब

राखीव क्षेत्राची फी इथे सगळ्यात मोठा धक्का देते. २०२४ च्या जुलैपासून परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असा दर आहे. बुकिंगपूर्वी चालू दर पुन्हा तपासा. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं बारा तासांचं असतं. म्हणजे:

- गेटाबाहेर राहत असाल तर जितके दिवस आत जाल तितकी तिकिटं.
- आत राहत असाल तर निघायच्या दिवशी सकाळी १० पूर्वी गेटाबाहेर पडा, नाहीतर आणखी एका दिवसाची फी.
- पहिल्या दिवशी दुपारी चारला पोहोचून "थोडी चक्कर मारू" म्हटलंत, तर जेमतेम दोन तासांसाठी पूर्ण तिकीट.
- कॉन्झर्व्हन्सीत राहून राखीव क्षेत्रात जायचं असेल तर ही फी वेगळी.

कंपनीकडून लेखी विचारा: पार्क फी धरली आहे का, किती दिवसांची, गाडी फक्त आमचीच की वाटून, रोज किती सफारी, पाणी धरलं आहे का. पार्क फी वगळून स्वस्त दाखवलेलं पॅकेज शेवटी महाग पडतं. केनियातली कंपनी थेट निवडणार असाल तर ती तिथल्या टूर ऑपरेटरांच्या संघटनेची, म्हणजे काटोची सदस्य आहे का ते संघटनेच्या यादीत बघा.

डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या आणि २०१३ नंतर छापलेल्या न्या. जुन्या नोटा अनेक ठिकाणी नाकारतात. गेटवर फी भरायची वेळ आली तर कार्ड जवळ असू द्या.

५. कागदपत्रं

- परतीनंतर किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, कोरी पानं शिल्लक असलेला.
- केनियाची ईटीए. जानेवारी २०२४ पासून व्हिसाच्या जागी ही ऑनलाइन परवानगी आली. लहान मुलांचीही वेगळी काढावी लागते. फोटो, विमानाचं आरक्षण आणि मुक्कामाचं आरक्षण अपलोड करावं लागतं. फी साधारण ३० डॉलर.
- पिवळ्या तापाच्या लसीचं मूळ कार्ड.
- वैद्यकीय हवाई वाहतूक धरलेला प्रवास विमा. मारात मोठं रुग्णालय नाही, गंभीर रुग्णाला विमानाने नैरोबीला नेतात.
- सर्व आरक्षणांच्या छापील प्रती. रस्त्यात मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

दोन गोष्टी इथे नवख्यांना हमखास अडकवतात. ईटीएसाठी शोध घेतला की सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी दलालांची संकेतस्थळं वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी केनिया सरकारचं 'गो डॉट केई' आहे ना, हे बघूनच पुढे जा.

दुसरी गोष्ट लसीची. भारतातून थेट जाणाऱ्याला केनियात उतरताना हे कार्ड सहसा विचारत नाहीत, म्हणून काही एजंट "लागत नाही" असं सांगून मोकळे होतात. पण केनिया हा पिवळ्या तापाचा देश असल्याने *परतताना* भारतातल्या विमानतळावर ते तपासतात. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिथे ठरावीक वार असतात आणि सुट्ट्यांच्या हंगामात रांगा लागतात. निघण्याच्या महिनाभर आधी हे उरकून टाका. अंड्याची ॲलर्जी असेल, वय साठीच्या पुढे असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. त्याच भेटीत मलेरियाच्या गोळ्यांचंही विचारा.

६. सामान

विषुववृत्ताजवळ आहे म्हणून फक्त सुती टी-शर्ट भरू नका. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या गाडीत हुडहुडी भरते. जाडसर जॅकेट, कानटोपी, मफलर घ्याच. दुपारी तेच ऊन भाजून काढतं.

कपडे मातकट, खाकी, हिरवट रंगांचे. गडद निळा आणि काळा टाळा, त्सेत्से माशा त्या रंगांकडे ओढल्या जातात. आपल्याकडे जंगलात जाताना लष्करी छापाचे कपडे घालायची हौस असते, ती घरीच ठेवा. केनियात सामान्य नागरिकाने तसे कपडे घालणं कायद्यात बसत नाही.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, आणि राखीव जंगलांत २०२० पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवरही. चिवडा-लाडू डब्यांत भरा, पिशव्यांत नको. ड्रोन नेऊ नका.

दुर्बीण मात्र माणशी एक. याबाबत मी हट्टी आहे. चौघांत एक दुर्बीण असली की प्रत्येकाच्या हाती येईपर्यंत बिबट्या फांदीवरून उतरलेला असतो. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण उत्तम. कॅमेऱ्यासाठी १००-४०० च्या आसपासची लेन्स पुरते, आणि खिडकीवर टेकवायला एक रिकामी कापडी पिशवी न्या. नैरोबीत किलोभर राजमा घेऊन ती भरली की झाली बीनबॅग. धूळ भयंकर असते. लेन्स शक्यतो गाडीत बदलू नका. प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, त्याचं ॲडॉप्टर लागेल.

शाकाहाराची चिंता नको. केनियात भारतीय वंशाची वस्ती मोठी आणि जुनी आहे, कॅम्पच्या स्वयंपाक्यांना डाळ-भात-भाजी नवीन नाही. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळी कळवा.

७. नैरोबी ते मारा

मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने साधारण सहा तास लागतात. घड्याळ अडीच तास मागे करा. पुढे दोन पर्याय. रस्त्याने रिफ्ट व्हॅलीचा उतार आणि नारोक करत पाच-सहा तास. किंवा विल्सन विमानतळावरून लहान विमानाने पाऊण ते एक तास. लहान विमानात हातातलं सामान धरून १५ किलोच चालतं, आणि तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस नाकारतात.

विमानाने जात असाल तर धावपट्टीचं नाव कॅम्पकडूनच विचारून घ्या. कीकोरोक, ओल कियोम्बो, मुसियारा, मारा सेरेना अशा कितीतरी आहेत. चुकीच्या पट्टीवर उतरलात तर कॅम्पपर्यंत यायला दोन-तीन तास आणि वर गाडीभाडं.

८. गाइडशी पहिल्याच संध्याकाळी बोला

केनियातल्या सफारी गाइडांच्या संघटनेच्या कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा परीक्षा असतात. गाइडच्या शर्टावर तसा बिल्ला असेल तर त्याबद्दल आवर्जून विचारा, तो मोठ्या कष्टाने मिळवलेला असतो. मग शांतपणे सांगा: आम्हाला यादी पुरी करायची नाही. एखादा प्राणी छान दिसला तर तिथेच थांबू. गर्दी झाली तर निघू. पक्षीही बघायचे आहेत.

हे बोलणं फार महत्त्वाचं आहे, कारण 'बिग फाइव्ह', म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानम्हैस, एका दिवसात दाखवा असा बहुतेक पाहुण्यांचा आग्रह असतो आणि बक्षिशी त्यावरच ठरेल असं गाइडला वाटत राहतं. मग तो वायरलेस ऐकत एका गर्दीतून दुसऱ्या गर्दीत धावतो. तुम्ही त्याला त्या धावपळीतून मोकळं केलंत की तो स्वतःच्या नजरेने जंगल दाखवायला लागतो.

९. गाडीत बसल्यावर

सूर्योदय वर्षभर साडेसहाच्या सुमारास होतो, त्यामुळे सहाला गेट उघडताच आत शिरा. नाश्ता बांधून घ्या. कॅम्पवर परतून खायचं ठरवलंत तर सकाळचे सर्वांत चांगले दोन तास हातचे जातात.

आपल्याकडे वाघ शोधताना चितळ-सांबराच्या हाकेकडे कान असतो. इथे डोळे जास्त लागतात. टोपी नावाचं तांबूस-जांभळट हरिण वारुळांवर उभं राहून टेहळणी करतं. चार टोपी एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर गाडी तिकडे घ्यायला सांगा. जिराफाचंही तसंच, त्याला उंचावरून लांबचा सिंह दिसतो. गिधाडं झाडावर बसलेली असतील तर शिकार कदाचित जुनी आहे किंवा सिंह अजून तिच्यावरून उठलेला नाही; एकामागून एक खाली झेपावत असतील तर नुकतंच काही घडलंय. बिबट्यासाठी कोरड्या ओढ्यांच्या काठची दाट झाडी बघा, फांदीखाली लोंबणारी शेपटी शोधा. चित्ता बहुधा वारुळावर बसलेला सापडतो.

सिंह सापडले की नवखा माणूस फोटो काढून "चला पुढे" म्हणतो. दिवसाचा बराच वेळ सिंह झोपलेलेच असतात, हे खरं. पण संध्याकाळी पाचनंतर झोपलेल्या कळपाजवळ इंजिन बंद करून थांबा. आधी एक मादी मान वर करते. जांभई देते. मग दुसरी उठून तिच्या गालाला गाल घासते, पिल्लं अंगावर चढतात, आणि थोड्या वेळात सगळ्या एकाच दिशेला चालू लागतात. एवढ्या अर्ध्या तासात कळपाचं नातंगोतं जितकं कळतं तितकं दहा ठिकाणी धावून कळत नाही.

चित्त्याच्या बाबतीत मात्र मागे राहा. तो दिवसा शिकार करतो, त्यामुळे गाड्यांचा सगळ्यात जास्त त्रास त्यालाच होतो. माराच्या मादी चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका मादीची एका वेतातली सरासरी दोनहून अधिक पिल्लं मोठी होत होती. जास्त वर्दळीच्या भागात हे प्रमाण ०.२ होतं. म्हणजे पाच वेतांमागे जेमतेम एक पिल्लू. हा आकडा वाचल्यापासून पिल्लं असलेल्या चित्त्याभोवती चार-पाच गाड्या दिसल्या की मी गाइडला निघायला सांगते. तुम्हीही सांगा. गाइडला पाहुण्याने सांगितलेलं हवं असतं. स्वतःहून निघाला तर तो पाहुण्यांची नाराजी ओढवून घेतो.

नियम थोडक्यात: एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, इतर थांबले असतील तर दहा मिनिटांत जागा सोडा, अंतर किमान २५ मीटर ठेवा. गाडीतून उतरू नका, हात-धड बाहेर काढू नका, टपावर बसू नका. ओरडणं, टाळ्या, शीळ काहीही नको. हत्तीने कान पसरून मान उंचावली आणि तो तुमच्याकडे वळला की फोटो थांबवा, गाइडला मागे सरकू द्या. नदीकाठी कळप जमला असेल तर काठापासून दूरच थांबा. गाड्यांनी वाट अडवली की कळप अडचणीच्या, खड्या काठावरून उडी घेतो आणि पाय मोडून मरतो. आणि "अजून जवळ घ्या" म्हणून शंभर डॉलर पुढे करू नका. दंड झाला किंवा परवाना गेला तर त्या गाइडचं घर अडचणीत येतं.

बलूनची फेरी साधारण ४५० ते ५०० डॉलरला पडते. वरून माळरान सुंदर दिसतं, प्राणी मात्र दुरूनच. पैसे मोजके असतील तर त्याऐवजी कॉन्झर्व्हन्सीतली एक रात्र वाढवा.

१०. कॅम्पवर

बरेच कॅम्प कुंपणाविना असतात. अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने बाहेर पडू नका, टॉर्च दाखवून किंवा शिट्टी वाजवून पहारेकऱ्याला बोलवा. तो मसाई माणूस तुम्हाला जेवणाच्या तंबूपर्यंत नेतो आणि परत आणून सोडतो. रात्री पाणघोडे चरायला थेट तंबूंमधून येतात. तंबूत खाऊ उघडा ठेवू नका आणि चेन पूर्ण लावा, माकडं आत शिरतात. वीज काही ठिकाणी ठरावीक तासच असते, तेव्हा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मिळेल तेव्हा भरून घ्या.

११. निघताना

गाइडची बक्षिशी शेवटच्या दिवशी थेट त्याच्या हातात द्या. माणशी दिवसाला ५ ते १० डॉलर ही रास्त रक्कम. स्वयंपाकी आणि तंबू सांभाळणाऱ्यांसाठी कॅम्पवर वेगळी पेटी असते. मसाई वस्ती बघायला जाणार असाल तर दर आत शिरण्यापूर्वी ठरवा आणि फोटो विचारून काढा. मण्यांचे दागिने तिथल्या बायकांकडूनच घ्या. हस्तिदंत, कातडी, दात, शिंगं, पिसं यांपासून बनवलेली कोणतीही वस्तू मात्र कितीही जुनी म्हणून दाखवली तरी घेऊ नका. विमानतळावर पकडली गेली तर थेट गुन्हा दाखल होतो. लसीचं कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. भारतात उतरल्यावर सामान मिळण्याआधीच ते विचारतात.